कान आपले, आवाज कुणाचा?

जबलपूर इथे मराठी बोलणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर



मला दिलेला विषय साधा आहे: रोज ऐकावेत असे आवडते पॉडकास्ट सांगा. नावं मी सांगणारच आहे. पण आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहोत. आपल्या घरांत ऐकण्यालाही इतिहास आहे. तो बाजूला ठेवून नुसती यादी दिली, तर ती यादी कुणाच्याही कामाची होईल, आपल्या कामाची होणार नाही.

गौतम धर्मसूत्रात एक वचन आहे. शूद्राने वेद मुद्दाम ऐकला, तर त्याच्या कानात कथील आणि लाख वितळवून ओतावी. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात शूद्रांवरच्या अशा निर्बंधांची वचनं एकत्र मांडली आहेत. ही शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा दिली गेली, हा वेगळा प्रश्न. मला यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्ञान तेव्हा तोंडातून कानात जात होतं, म्हणून बंदीही कानावर आली. ज्यांच्या हातात ज्ञान होतं त्यांना नेमकं ठाऊक होतं की दार कुठे आहे.

आपल्या माणसांनीही ते दार ओळखलं. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्याचा विचार खेड्यापाड्यांत पोचवला तो जलशांनी. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. वस्तीत एखाद्यालाच अक्षरओळख असायची. तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, नंतर जयंतीला आणि लग्नात वाजणाऱ्या कॅसेट, सगळं कानानेच आलं. आजही वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. तीन महिने रोज थोडं थोडं. समोर बसलेल्या कितीतरी आयांना वाचता येत नाही, पण कुठल्या प्रकरणात काय आहे ते त्या सांगतात. रोजचं ऐकणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडून शिकावं.

म्हणून कुणी म्हटलं की पॉडकास्ट हे वाचायचा कंटाळा असणाऱ्यांचं काम आहे, तर मनावर घेऊ नका. प्रश्न वाचन की श्रवण असा नाहीच. प्रश्न असा आहे की आपण ऐकतो कुणाला, आणि आपलं कोण ऐकतं.

'पॉडकास्ट' हा शब्द २००४ साली एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या लेखात पहिल्यांदा आला. आपल्याकडे तो घराघरांत पोचला २०१६ नंतर, मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यावर. त्यात बहुतेक वेळा दोन माणसं बसून तास-दीड तास बोलतात. एवढंच. पण हे 'एवढंच' आपल्यासाठी मोठं आहे.

समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू यांची 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना आपण शिकतो. सोप्या भाषेत, पैशाशिवाय घरातून मिळणारी शिदोरी. प्राध्यापकाच्या, वकिलाच्या, संपादकाच्या घरातलं मूल जेवताना जे ऐकतं ती ही शिदोरी. मुलाखतीत काय विचारतात, फेलोशिपचा अर्ज कसा लिहितात, कुठलं पुस्तक कुणी खोडून काढलं, हे त्या मुलाला कुणी शिकवत नाही. ते कानावर पडतं. आपल्या घरी जेवताना वेगळं बोलणं असतं. ओव्हरटाइमचं, उधारीचं, कुणाच्या आजारपणाचं. ते बोलणं कमी दर्जाचं नाही, पण परीक्षेच्या हॉलमध्ये त्याला मार्क नाहीत.

याचा एक परिणाम तुम्ही सगळ्यांनी भोगला असेल. आपण कितीतरी शब्द डोळ्यांनी शिकतो, कानांनी नाही. 'हेजेमनी' लिहिता येतो, 'फुको' परीक्षेत वापरता येतो, पण सेमिनारमध्ये तो मोठ्याने म्हणायची वेळ आली की जीभ अडते. मुद्दा तयार असतो, शब्दाच्या उच्चाराच्या भीतीने तो मनातच राहतो. समोरच्यांना वाटतं, हिला काही म्हणायचं नाही. ही बुद्धीची उणीव नाही. तो शब्द आपल्या कानावर कधी पडलेलाच नसतो, इतकंच.

पॉडकास्ट इथे उपयोगी पडतो. ज्या घरांत आपण जन्मलो नाही, त्या घरांतलं जेवणावेळचं बोलणं तो आपल्याला ऐकू देतो.

आता नावं.

पहिलं, बीबीसी रेडिओ ४ चा 'थिंकिंग अलाउड'. लॉरी टेलर या समाजशास्त्रज्ञांनी तो वर्षानुवर्षं चालवला. साधारण अर्ध्या तासाचा भाग. एखादं नवं संशोधन घ्यायचं आणि ते करणाऱ्यालाच विचारायचं की हे कसं शोधलं. समाजशास्त्र, समाजकार्य, इतिहास शिकणाऱ्याने आठवड्याला एक भाग ऐकावा. इंग्रजी सुरुवातीला जड जाईल. तोच भाग दोनदा ऐका. वर्गाबद्दल खूप मिळेल, जातीबद्दल फार थोडं. ते लक्षात ठेवूनच ऐका.

दुसरं, त्याच केंद्रावर १९९८ साली मेल्विन ब्रॅग यांनी सुरू केलेला 'इन अवर टाइम'. तीन अभ्यासक आणि एक विषय. प्लेग, प्लेटो, कृष्णविवर, काहीही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी हा ऐकावा, पण माहितीसाठी नव्हे. तीन माणसं एकमेकांशी सभ्यपणे असहमत कशी होतात, हे शिकण्यासाठी.

तिसरं, सुनील खिलनानी यांची 'इन्कार्नेशन्स' ही मालिका, २०१५-१६ ची. पन्नास आयुष्यांतून भारताचा इतिहास. भाग छोटे आहेत. त्यात फुले आहेत, आंबेडकर आहेत, पेरियार आहेत. ऐकताना एक काम करा. पन्नास नावं वहीत लिहा आणि शेजारी तुमची पन्नास लिहा. दोन याद्यांतला फरक हा एका निबंधाचा विषय आहे.

चौथं, मराठीत बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची'. जगातला एखादा प्रश्न घेऊन तो सोप्या मराठीत उलगडतात. जबलपूरमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांची मराठी घरापुरती राहते. भांडायची मराठी येते, अर्थव्यवस्थेवर बोलायची येत नाही. त्यासाठी हे बरं.

पाचवं, हिंदी-इंग्रजीत 'अनुराग मायनस वर्मा पॉडकास्ट'. नावातच आडनाव वजा केलेलं आहे. सिनेमा, इंटरनेट, शहर, मध्यमवर्ग अशा रोजच्या गोष्टींवर गप्पा असतात आणि जात त्यातून वगळलेली नसते. तिथे ती फक्त अत्याचाराच्या बातमीत दिसत नाही, विनोदात आणि आवडीनिवडीतही दिसते.

सहावं, रवीचंद्रन यांनी सुरू केलेलं 'दलित कॅमेरा'. हा खरं तर व्हिडिओचा संग्रह, पण पडदा बंद करून ऐकता येतो. देशभरातले कार्यकर्ते आणि अभ्यासक त्यात सलग बोलतात. कुणी मध्येच तोडत नाही.

सातवं, अमित वर्मा यांचं 'द सीन अँड द अनसीन', २०१७ पासून. एकेक भाग कित्येक तासांचा. माणूस घडतो कसा, हे त्यात सविस्तर येतं. यजमानाचा कल खुल्या बाजाराकडे आहे. न पटणारं पूर्ण ऐकून घेणं हासुद्धा अभ्यासच आहे.

पण कुठलाही पॉडकास्ट, मी सांगितलेला धरून, तीन प्रश्नांवर तपासा.

पहिला प्रश्न: बोलणाऱ्याला 'सर्वसाधारण' म्हणजे कोण वाटतं? 'आपल्या सगळ्यांच्या लहानपणी आजीकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत' असं वाक्य आलं, की थांबून विचारा, कुणाच्या लहानपणी? वाडा, अंगण, आंब्याची आढी, हे सगळं 'मराठी माणसाचं' म्हणून येतं. ज्यांची आजी दुसऱ्याच्या शेतात होती, ती मराठी नव्हती का?

दुसरा प्रश्न: आपला माणूस तिथे कधी बोलावला जातो? फक्त एप्रिलमध्ये? आणि बोलावला तर कशावर बोलतो? आपला अर्थतज्ज्ञ अर्थसंकल्पावर, आपली डॉक्टर मधुमेहावर, आपला दिग्दर्शक कॅमेऱ्यावर बोलतो का? की प्रत्येकाला फक्त 'तुम्ही काय भोगलंत' एवढंच विचारतात? जयंतीपुरता पाहुणा आणि दुःखापुरता साक्षीदार, या दोन खुर्च्यांपलीकडे आपल्याला तिसरी खुर्ची आहे का, ते बघा.

तिसरा प्रश्न: तोच माणूस दुसऱ्या भाषेत काय बोलतो? ही कसोटी माझी नाही, बाबासाहेबांची आहे. १९५५ साली बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत ते गांधीजींबद्दल हेच सांगतात. त्यांचं इंग्रजी पत्र आणि गुजराती पत्र शेजारी ठेवून वाचा, मग कळेल की जातीबद्दल कुठे काय म्हटलं आहे. आज हे आणखी सोपं आहे. एखादा वक्ता इंग्रजीत समतेवर बोलतो आणि मराठीत 'आरक्षणामुळे गुणवत्ता' वगैरे बोलतो. दोन्ही ऐका.

एका प्रकाराबद्दल सावध करते. पहाटे चारला उठा, सबबी सांगू नका, वर्षात आयुष्य बदला, असे प्रेरणेचे पॉडकास्ट आपल्यात फार ऐकले जातात. त्यातली शिस्त वाईट नाही. पण त्यांच्या हिशेबात खोलीभाडं नसतं, आडनाव विचारणारा घरमालक नसतो, घरी पाठवायचे पैसे नसतात. सगळं यश एकट्याचं आणि सगळं अपयशही एकट्याचं. निकाल मनासारखा लागला नाही की पहिल्या पिढीतली मुलगी स्वतःलाच दोषी धरते. तुमच्या थकव्याचं कारण फक्त तुमच्यात शोधायला लावणारा आवाज रात्री झोपताना तरी कानात ठेवू नका.

इथवर दुसऱ्यांच्या घरातलं ऐकणं झालं. आता आपल्या घरातलं.

पहाटे जात्यावर दळताना बाया ओव्या म्हणायच्या. हात कामात, तोंड आणि कान मोकळे. एक म्हणायची, दुसरी उचलायची. स्वयंपाक करताना कानात इअरफोन घालणारी मुलगी ही त्याच पंगतीतली. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर आज त्यांतल्या काही आवाजासकट ऐकता येतात. बीड जिल्ह्यात माजलगावला भीमनगर वस्ती आहे. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्या जरूर ऐका. बाबासाहेब त्यात घरातल्या माणसासारखे येतात. संविधानावरचं कुठलंही व्याख्यान ऐकण्याआधी या बायांना ऐका, मग कळेल की विचार माणसांत उतरतो म्हणजे काय होतं.

आणि बाबासाहेबांचा स्वतःचा आवाज. आपल्या घरात त्यांचा फोटो असतो, पण कित्येकांनी त्यांना बोलताना ऐकलेलं नसतं. बीबीसीच्या १९५३ आणि १९५५ च्या मुलाखती इंटरनेटवर सहज मिळतात. ऐकताना वेग वाढवू नका. ते घाई करत नाहीत. गांधीजींना आपण विरोधक म्हणून भेटलो, म्हणून भक्तांपेक्षा जास्त ओळखतो, असं ते शांतपणे सांगतात. आपलं इंग्रजी 'त्यांच्यासारखं' नाही म्हणून गप्प बसणाऱ्या प्रत्येकाने ती मुलाखत ऐकावी. ठामपणा उच्चारातून येत नाही, पुराव्यातून येतो.

आता तिसरं काम, आणि माझ्या मते सगळ्यात निकडीचं. ते जबलपूरचंच आहे.

इथे १९०४ साली तोफगाडी कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया, १९६९ साली वाहन कारखाना. रेल्वे होतीच. विदर्भातून मराठी कुटुंबं इथे आली, त्यात आपलीही आली. १९५६ आधी आलेली कुटुंबं परराज्यात आली नव्हती. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हाही नागपूर मध्य प्रदेशातच होतं. पुढे अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपल्या मधून राज्याची सीमा गेली. महाराष्ट्राच्या इतिहासात आपण 'बाहेरचे' झालो आणि मध्य प्रदेशाच्या इतिहासात 'मराठीवाले'. दोन्हीकडच्या पुस्तकांत आपली वस्ती शोधून पाहा.

याच खमरियात ओमप्रकाश वाल्मीकि तरुणपणी आयुधनिर्माणीच्या प्रशिक्षणासाठी आले होते. पुढे ते अंबरनाथला आणि चंद्रपूरला गेले, महाराष्ट्रात मराठी दलित साहित्याशी त्यांची ओळख झाली, आणि १९९७ साली 'जूठन' आलं. एका कामगाराने लिहिलं म्हणून ते आयुष्य आपल्यापर्यंत पोचलं. त्याच फाटकातून आत जाणाऱ्या बाकीच्या हजारोंनी लिहिलं नाही. त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं असं नाही. त्यांना कुणी विचारलं नाही.

अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या हकिकती १९३६ ते १९३८ मध्ये सरकारी प्रकल्पातून लिहून घेतल्या गेल्या, तेवीसशेहून अधिक. पण प्रत्यक्ष आवाज फार थोड्यांचे उरले. तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या एका संग्रहात १९३२ ते १९७५ या काळात मुद्रित केलेले २३ जणांचे आवाज आहेत. ते इंटरनेटवर ऐकता येतात. अभ्यासक आणखी एक गोष्ट सांगतात. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, म्हणून सांगणारे पुष्कळदा हातचं राखून बोलले. विचारणारा कोण आहे, यावर उत्तर ठरतं. म्हणूनच आपल्या आजोबांना आपण विचारायला हवं.

हिशेब करा. १९५६ साली पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या आसपास आहे. दीक्षाभूमीवर स्वतः उभे राहिलेले डोळे आणि कान अजून आपल्या वस्तीत असतील, तर त्यांच्याकडे फार वेळ नाही.

मी संशोधनासाठी मुलाखती घेते, त्यातून कामाच्या चार गोष्टी सांगते. एक, आधी परवानगी घ्या, आणि हे कुणाला ऐकवणार आहात तेही सांगा. दोन, पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन त्यांच्याजवळ ठेवा, आणि सुरुवातीला नाव, तारीख, जागा मोठ्याने बोला. तीन, 'तुम्हाला कसं वाटलं' असं विचारू नका. 'त्या दिवशी सकाळी निघालात कसे, सोबत कोण होतं, डब्यात काय होतं' असं विचारा. कारखान्यातल्या पहिल्या दिवशी कुणी पाणी दिलं, भाड्याची खोली मागताना आडनाव काय सांगितलं, बढतीची यादी लागली तेव्हा कोण काय बोललं. तपशील विचारला की इतिहास येतो, भावना विचारली की भाषण येतं. चार, मुद्रण दोन ठिकाणी जपून ठेवा आणि आधी त्यांनाच ऐकवा. त्यांना नको असलेला भाग काढून टाका. त्यांच्या आयुष्यावर पहिला हक्क त्यांचा.

यातून उद्याच पॉडकास्ट काढा, असं मी म्हणत नाही. तो निघाला तर उत्तमच. आधी आवाज वाचवा.

शेवटी रोजच्या शिस्तीचं. 'अँटेनापॉड' नावाचं मोफत अ‍ॅप आहे. वायफाय असेल तिथे भाग उतरवून घ्या. नेहमीच्या दर्जाचा तासभराचा ऑडिओ साधारण ५८ एमबी होतो, व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी. दिवसाला अर्धा तास पुरे: बसमध्ये, भांडी घासताना, चालताना. अभ्यासाच्या वेळेत नको. एक वही ठेवा. प्रत्येक भागाला तीन ओळी, एक प्रश्न आणि त्यात आलेल्या एका पुस्तकाचं नाव. वही नसेल तर ऐकलेलं दोन दिवसांत निघून जातं आणि आपण खूप शिकलो हा समज तेवढा मागे राहतो.

आणि एकट्याने ऐकू नका. रविवारी वंदनेनंतर विहारात वीस मिनिटं स्पीकरवर काहीतरी लावा आणि त्यावर बोला. एका रविवारी माजलगावच्या ओव्या, पुढच्या रविवारी बाबासाहेबांची मुलाखत थांबवत थांबवत मराठीत समजावून. तिसऱ्या रविवारी वस्तीतल्याच एखाद्या आजीचं, तिच्या परवानगीने, तिच्यासमोर. विहारात आलेल्या प्रत्येकाला तिथे जागा आहे, वाचता येणाऱ्यालाही आणि न येणाऱ्यालाही.

या आठवड्यात प्रत्येकाने एक भाग ऐकायचा आणि एका वडीलधाऱ्या माणसाचं दहा मिनिटांचं बोलणं मुद्रित करायचं. पुढच्या बैठकीची सुरुवात माझ्या भाषणाने नको, त्या दहा-दहा मिनिटांनी करू.

जय भीम. जय सावित्री, जय जोती.